वैमानिकांच्या तोंडची जेटविमाने

विमानांचा इतिहास बहुधा कारखानदारांच्या दप्तरांतून, कंपन्यांच्या जमाखर्चाच्या वह्यांतून आणि उद्घाटनसमारंभांच्या छायाचित्रांतून लिहिला जातो. त्यामुळे अमुक विमान अमुक दिवशी प्रथम उडाले, त्यात इतक्या उतारूंची सोय होती आणि त्याचे इतके नग खपले, एवढा तपशील वाचकाला बिनचूक मिळतो, परंतु ज्या मनुष्याने ते विमान आषाढातल्या एखाद्या काळोख्या रात्री, समोरच्या काचेवर पावसाचे लोट आदळत असताना, धावपट्टीवर आणून टेकवले, त्याला ते कसे वाटले याची नोंद त्या दप्तरांत क्वचितच सापडते. ती नोंद वैमानिकांच्या बोलण्यात असते. दोन अनुभवी वैमानिक एकत्र बसले की बढती, बदली आणि रजा हे सार्वत्रिक विषय आटोपल्यावर संभाषण तीन प्रश्नांकडे वळल्यावाचून राहत नाही: विमान हाताला कसे लागते, त्याची चाल किती, आणि त्याच्या कॉकपिटात कानाला त्रास किती. वरवर पाहता हा हौशी लोकांचा कालक्षेप वाटेल. पण जेटयुगाच्या पहिल्या तीन-चार दशकांत या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्या क्रमाने मिळाली हे पाहू लागले, म्हणजे त्या युगाचा एक निराळाच इतिहास उलगडतो. वेगाचे उत्तर सर्वांच्या आधी हाती आले आणि मग शहाण्या माणसांनी ते आपण होऊन सोडून दिले. हाताळणीचे उत्तर मिळण्यासाठी शेकडो प्राण खर्ची पडले. आणि गोंगाटाचा प्रश्न, जो जेट एंजिनाने जन्मतःच सोडवला असे सर्वांनी गृहीत धरले होते, तो सर्वांत मागे रेंगाळला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. विमानाचा गोंगाट म्हटला की विलेपार्ले किंवा कलिना येथील रहिवाशाला डोक्यावरून जाणारा आवाज आठवेल, आणि त्याची तक्रार रास्तही आहे. परंतु तो आवाज विमानाच्या मागे पडतो, आणि त्याच्याशी आत पुढे बसलेल्या वैमानिकाचा फारसा संबंध येत नाही. त्याच्या कानांवर येतो तो अगदी वेगळा आवाज.

जेटपूर्व काळात मात्र एंजिनाचा आवाज हेच वैमानिकाचे एक उपकरण होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी एक एंजिनी ‘पस मॉथ’ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आणून जुहूच्या मैदानावर उतरवले, तेव्हा ताशी सुमारे शंभर मैलांच्या त्या प्रवासात एंजिनाच्या सुरात पडणारा किंचित फरक हीच संकटाची पहिली वर्दी ठरली असती. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा एकाच्या जागी चार एंजिने आली होती, प्रत्येकाला अठरा सिलिंडर होते, आणि चारही पंखे एका लयीत फिरत आहेत की नाहीत हे त्या पिढीचे वैमानिक कानाने ठरवीत असत. दोन पंख्यांच्या गतीत थोडे अंतर पडले की त्यांच्या नादांतून एक सावकाश चढणारा आणि ओसरणारा घुमारा उमटे. तो घुमारा लांबवत लांबवत पुसून टाकणे ही त्यांची कारागिरी होती. असा प्रवास संपवून घरी आलेल्या माणसाच्या कानांत ती एंजिने पुढे बराच वेळ चालू राहत, आणि हाडांत मुरलेली थरथर तर झोपेतही निघत नसे. ऐकण्याची शक्ती कमी होणे हा त्या पेशाचा अलिखित कर होता आणि तो बिनतक्रार भरला जाई.

२ मे १९५२ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनच्या ‘कॉमेट’ विमानाने लंडनहून जोहान्सबर्गकडे उतारू घेऊन प्रस्थान ठेवले, आणि चोवीस तासांच्या आत ते मुक्कामी पोहोचले. उतारूंनी मेजावर नाणे उभे करून दाखवावे इतका थरथरीचा अभाव, पस्तीस-चाळीस हजार फुटांवरची ढगांपलीकडची शांतता, आणि ताशी साडेचारशे मैलांहून अधिक वेग, या गोष्टींनी वृत्तपत्रे मोहून गेली. पंख्यांच्या विमानांवर केस पिकलेल्या वैमानिकांनाही तो चमत्कार वाटला नसेल असे नाही. पण त्यांच्यापुढे एक नवीन अडचण उभी होती, आणि ती हाताची होती. जुन्या विमानांत सुकाणू आणि पंखांच्या मागच्या कडेवरील फळ्या दोरखंडांनी थेट हातापायांशी जोडलेल्या असत. हवेचा जोर वाढला की तो जोर मुठीत जाणवे, विमान मंदावले की मूठ सैल पडे, आणि अशा रीतीने विमान आपल्या प्रकृतीचे वर्तमान अखंड कळवीत राही. कॉमेटमध्ये या फळ्या सर्वस्वी तेलाच्या दाबाने हलत. हवेचा जोर वैमानिकापर्यंत पोहोचण्याचा मार्गच तुटला होता, आणि त्याच्या जागी स्प्रिंगांच्या साहाय्याने जो खोटा विरोध निर्माण केला होता, त्याला विमान धावत आहे की रेंगाळत आहे याची दादही नव्हती.

याचा परिणाम दिसायला सहा महिनेही लागले नाहीत. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोमच्या चांपिनो विमानतळावर एका कॉमेटच्या कप्तानाने धावपट्टीवर नाक वेळेआधी आणि गरजेपेक्षा अधिक उचलले. पंख अशा कोनात आले की हवेचा अडथळा वाढला, वेग वाढेना, विमान जमीन सोडेना, आणि ते धावपट्टी ओलांडून मोडले. प्राणहानी झाली नाही, पण दोष कप्तानाच्या माथी आला आणि त्याची रवानगी मालवाहू विमानांवर झाली. पुढच्या मार्चच्या ३ तारखेला कराचीच्या धावपट्टीवर, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे कोरे कॉमेट कारखान्यातून ऑस्ट्रेलियाकडे नेत असताना, तेच पुन्हा घडले. या वेळी विमानातले सर्व अकरा जण मृत्यू पावले. त्यानंतर मात्र पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला. एकाच चुकीचा गुन्हेगार जेव्हा वारंवार निराळा निघतो, तेव्हा गुन्हा माणसाचा आहे की यंत्राचा, हा प्रश्न रोमच्याच प्रकरणात विचारला गेला असता तर कराचीचे अकरा जीव कदाचित वाचले असते.

कॉमेटची वर्षपूर्ती झाली त्याच दिवशी, म्हणजे २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वैशाखी वादळात सापडले आणि हुगळी जिल्ह्यातील जगलगोरी गावाजवळ त्याचे तुकडे विखुरले. त्रेचाळीस माणसे गेली. भारत सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाने निदान केले ते असे की विमानाचा सांगाडा हवेतच मोडला, आणि तो मोडण्यास वादळातील प्रचंड झोत कारणीभूत झाले असतील, अथवा त्या झोतांशी झगडताना वैमानिकाने नियंत्रणे गरजेपेक्षा अधिक ओढली असतील. या दुसऱ्या शक्यतेत जो प्रश्न दडला होता तो नेमका हाताचा होता: ज्या मुठीला विमानावर पडणारा ताण जाणवतच नाही, ती मूठ किती ओढावी हे तिला सांगणार कोण? पुढे १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सच्या दक्षिणेस आणखी दोन कॉमेटे समुद्रात पडली, फार्नबरोच्या पाण्याच्या हौदात एक आख्खे विमान बुडवून वारंवार दाब दिल्यावर धातूच्या थकव्याचे रहस्य उलगडले, आणि त्या प्रसिद्ध प्रकरणाच्या सावलीत रोम, कराची आणि जगलगोरी ही तीन नावे झाकोळून गेली. वैमानिकांच्या दृष्टीने मात्र जेटविमानाच्या हाताळणीचा पहिला धडा याच तीन गावांनी दिला.

याच काळातली एक घटना मुंबईकरांच्या विस्मरणात गेलेली दिसते. १९५३ च्या जुलैमध्ये एक कॉमेट सांताक्रूझऐवजी शेजारच्या चिमुकल्या जुहूच्या विमानतळावर उतरले, आणि ते तेथून पुन्हा उडवून नेईपर्यंत नऊ दिवस गेले. एकोणीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानानेही तीच गफलत केली आणि ते धावपट्टीच्या पलीकडे जाऊन पडले. ज्या मैदानावर पस मॉथ सुखाने उतरत असे, तेथे जेट आले म्हणजे काय होते याचा इतका प्रत्यक्ष दाखला दुसऱ्या कोणत्या शहराला मिळाला असेल असे वाटत नाही.

कॉमेटच्या पडत्या काळात अमेरिकेतील सिॲटलच्या बोइंग कंपनीने १५ जुलै १९५४ रोजी आपला जेटचा नमुना उडवला, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, वॉशिंग्टन सरोवरावर नौकांच्या शर्यती पाहण्यास जमलेल्या हजारो लोकांच्या आणि कंपनीच्या अध्यक्षांच्या देखत, टेक्स जॉन्स्टन या चाचणी वैमानिकाने त्या अवाढव्य विमानाला हवेत कुशीवरून पूर्ण गिरकी मारायला लावली. अध्यक्ष बिल ॲलन यांना तो प्रकार मुळीच रुचला नाही. वैमानिकांच्या वर्तुळात मात्र त्या गिरकीने जे काम केले ते छापील माहितीपत्रकांना साधले नसते; कारण या यंत्रात हाताचा हुकूम ऐकण्याची कुवत आहे, हे कोणत्याही आकड्याविना सिद्ध झाले. या नमुन्यातून निघालेले ७०७ विमान २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकनने न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर घातले, आणि १९६० च्या प्रारंभी एअर-इंडियाने ते मुंबईस आणून आशियातील पहिली जेट कंपनी होण्याचा मान मिळवला. आमच्या या विमानांना रोल्स-रॉइसची कॉनवे एंजिने होती आणि नावे हिमालयाच्या शिखरांची. १९६२ च्या जूनमध्ये कंपनीच्या ताफ्यातले शेवटचे पंख्याचे विमान निवृत्त झाले, तेव्हा ज्यांचे वय कॉन्स्टेलेशनवर गेले होते त्या कप्तानांनाही नव्याने शिकावे लागले होते.

शिकावे काय लागले, याचा विचार केल्याखेरीज त्या पिढीची तुलना समजणार नाही. पंख्याच्या विमानात एंजिनाचा जोर वाढवला की पंखांवरून वाहणारा झोत क्षणात बळावे आणि विमान तत्काळ उचलले जाई. जेटमध्ये हात पुढे सारल्यापासून पूर्ण रेटा मिळेपर्यंत कित्येक सेकंद जात, आणि तेवढ्यात जमीन वाट पाहत नसे. मागे झुकलेल्या पंखांमुळे वेग साधला, परंतु मंद गतीत हवेचा अडथळा एकाएकी वाढू लागे आणि तो वाढल्याचे नाकाच्या स्थितीवरून कळतही नसे. फार उंचावर अतिमंद आणि अतिवेगवान या दोन संकटांमधली वाट इतकी अरुंद होई की थोडे इकडे-तिकडे झाले की विमान धडधडू लागे. ३ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री अटलांटिकवर पॅन अमेरिकनच्या एका ७०७ चा कप्तान मागे उतारूंच्या दालनात गेला असता स्वयंचालक यंत्र गुपचूप सुटले, विमान कलंडले, आणि पस्तीस हजार फुटांवरून ते सुमारे सहा हजारांवर येईपर्यंत सावरले गेले नाही. कप्तान वॉल्डो लिंच कसाबसा आपल्या जागी पोहोचला म्हणून ते वाचले.

७०७ ची सर्वांत कुप्रसिद्ध खोड म्हणजे जिला वैमानिक ‘डच रोल’ म्हणतात ती. झुकलेल्या पंखांचे विमान जरा आडवे वळले की पुढे गेलेल्या पंखाला अधिक उचल मिळते, विमान एका कुशीवर जाते, मग शेपटी त्याला परत खेचते, ते दुसऱ्या कुशीवर जाते, आणि शेपटी पुरेशी मोठी नसेल तर हा झोका दर फेरीस वाढत जातो. १९ ऑक्टोबर १९५९ रोजी वॉशिंग्टन राज्यात शिकवणीच्या उड्डाणात हीच खोड मुद्दाम करून दाखवत असता ती मर्यादेपलीकडे गेली. ब्रॅनिफ कंपनीसाठी बांधलेल्या त्या नव्या विमानाची चारांपैकी तीन एंजिने तुटून पडली आणि आठांपैकी चार जण दगावले.

या प्रकरणी ज्या गृहस्थाने बोइंगसारख्या मातब्बर कंपनीला नमवले, त्याचे नाव डी. पी. डेव्हिस. ब्रिटनच्या विमानपरीक्षण मंडळाचा हा मुख्य चाचणी वैमानिक. परदेशी विमानाला ब्रिटिश सनद द्यायची की नाही याचा निकाल त्याच्या अभिप्रायावर अवलंबून असे. ७०७ उडवून पाहिल्यावर त्याने सांगितले की शेपटी ठेंगणी आहे, सुकाणूला यांत्रिक बळ नाही, आणि एका बाजूचे एंजिन बंद पडल्यास हे विमान सरळ ठेवणे सामान्य वैमानिकाच्या आवाक्यात नाही. सबब सुधारणा होईतो मंजुरी मिळणार नाही. बोइंगने शेपटी उंच केली, पोटाखाली आणखी एक पंख जोडला, सुकाणूला शक्ती दिली, आणि आधी विकलेल्या विमानांतही हे फेरफार स्वतःच्या खर्चाने करून दिले. विमान चालवणाऱ्याच्या मनगटाचा शब्द कायद्याच्या दप्तरात रुजू झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. याच डेव्हिसने १९६७ साली ‘हँडलिंग द बिग जेट्स’ हे पुस्तक लिहिले, आणि तेव्हापर्यंत विश्रांतिगृहांतल्या गप्पांत विखुरलेली विद्या प्रथम शास्त्रीय क्रमाने मांडली.

७०७ ची बरोबरी करणारे डग्लस कंपनीचे डीसी-८ स्वभावाने अधिक स्थिर आणि हाताला काहीसे जड असे मानले जाई. त्याच्या पंखांचा कल तीस अंशांचा, ७०७ चा पस्तीस. या पाच अंशांवर किती वाद झाले असतील त्याची गणती नाही. डीसी-८ मध्ये हवेतच वेग मारण्यासाठी आतल्या दोन एंजिनांचा रेटा उलटा फिरवण्याची सोय होती, आणि खाली येताना ती वापरली की सारे विमान गदगदा हाले. पण कितीही गुणी विमान असले तरी वाट चुकल्यावर त्याचा गुण कामी येत नाही, हे ७ जुलै १९६२ च्या रात्री जुन्नरच्या डोंगरात दिसले. बँकॉककडून मुंबईस येणारे अलितालियाचे डीसी-८ ठरल्या जागेच्या अगोदरच खाली येऊ लागले, दावण्या डोंगरावर आदळले, आणि चौऱ्याण्णव माणसे सह्याद्रीच्या पावसात गेली.

वेगाची कहाणी थोडक्यात सांगता येते, कारण ती भपकेबाज असली तरी अल्पायुषी ठरली. २१ ऑगस्ट १९६१ रोजी एका डीसी-८ ने कॅलिफोर्नियात उंचावरून मुद्दाम सूर मारून काही क्षण ध्वनीचा वेग ओलांडला, आणि असे करणारे ते पहिले उतारू विमान ठरले. कॉन्व्हेअर कंपनीने तर आपल्या ८८० या विमानाचे नावच सेकंदाला ८८० फूट या वेगावरून ठेवले; आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या ९९० च्या पंखांच्या मागील कडेस गाजरासारखे चार फुगे बसवून त्याला त्या काळचे सर्वांत वेगवान उतारू विमान बनवले. करारातला वेग तरीही पुरा गाठता आला नाही, विमाने थोडकीच खपली, आणि कंपनीला बसलेला तोटा अमेरिकन उद्योगाच्या इतिहासात गाजला. त्या ९९० ची एक दुःखद खूण आपल्याकडेही आहे: २८ मे १९६८ रोजी गरुड इंडोनेशियन कंपनीचे असेच एक विमान सांताक्रूझहून उडताच नालासोपाऱ्याजवळच्या बिलालपाड्यात कोसळले. ब्रिटनचे ‘ट्रायडंट’ हेही उंचावर मोठे चपळ. पण चढताना ते इतके मंद असे की वैमानिकांनी त्याचे नाव ‘ग्राउंड ग्रिपर’ ठेवले. १९७३ च्या तेलसंकटानंतर हिशेबनिसांनी वैमानिकांच्या हातून वेगाचा कारभार काढून घेतला. सर्व कंपन्यांनी चाल कमी केली, आणि आज मुंबईहून लंडनला जाणारे अत्याधुनिक विमान साठ वर्षांपूर्वीच्या त्या गाजरवाल्या कॉन्व्हेअरपेक्षा सावकाश जाते, याचे उतारूला काहीच वाटत नाही. आवाजाहून दुप्पट वेगाचे ‘कॉन्कॉर्ड’ हा ठळक अपवाद होता. एअर-इंडियानेही त्याच्या दोन नगांसाठी आगाऊ हक्क राखून ठेवला होता, परंतु ती विमाने कधी आली नाहीत.

हाताळणीत वैमानिकांची निर्विवाद पसंती कोणाला, असे विचारले तर ब्रिटिश वैमानिकाच्या ओठी ‘व्हीसी-१०’ हे नाव येई. १९६४ साली सेवेत आलेले हे विमान नैरोबी, कानो यांसारख्या उष्ण आणि उंच विमानतळांसाठी बांधले होते; चारही एंजिने शेपटीशी, पंख अगदी मोकळे, आणि उतरताना ७०७ पेक्षा गती बरीच कमी. वैमानिकाला ते प्रिय, उतारूला प्रिय, आणि कंपनीच्या खजिनदाराला मात्र इंधनाच्या खर्चापायी नकोसे. शेवटी त्याचे केवळ चौपन्न नग निघाले आणि ७०७ चे हजाराच्या घरात. त्याच वर्षी सेवेत आलेल्या बोइंग ७२७ ने उलट धडा दिला. तिहेरी झडपांच्या पंखामुळे ते विमान तोकड्या धावपट्टीवर उतरे खरे, पण एंजिने मंद ठेवून खाली आणले तर ते दगडासारखे पडू लागे. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे कप्तानाने एंजिनांना वेळीच जोर दिला नाही; विमान आपटले, आग लागली आणि त्रेचाळीस जण गेले. त्यानंतर शिकवणी बदलली, आणि ज्या विमानाला वर्षभर शिव्याशाप मिळाले त्याच्याच नावाने जुने वैमानिक पुढे उसासे टाकू लागले.

आता कानाकडे वळू. जेट एंजिन पंखाखाली किंवा शेपटीशी गेल्यामुळे कॉकपिटातला एंजिनाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला, आणि फ्रान्सच्या ‘काराव्हेल’मध्ये तर एंजिने चालू आहेत की नाहीत याची खात्री घड्याळांकडे पाहूनच करावी लागे. भारतीय वैमानिकांनाही १९६४ पासून, इंडियन एअरलाइन्सने ही विमाने आणल्यावर, हा अनुभव आला. परंतु एंजिन गप्प बसले आणि वारा बोलू लागला. ताशी पाचशे मैलांच्या वेगाने नाकावरून आणि समोरच्या काचांच्या चौकटींवरून फाटत जाणारी हवा जो अखंड फूत्कार करते, तो वेगाबरोबर वाढतो आणि नाकाच्या घडणीवर ठरतो. त्यात वायुवीजनाच्या नळ्यांचा आणि उपकरणे थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा सूर मिसळतो. काराव्हेलचे नाक कॉमेटवरूनच घेतलेले, गोलसर. बोइंगचे मात्र टोकदार आणि कोनांचे. आणि या नाकाची गंमत अशी, की ७०७ साठी काढलेली ती घडण खर्च वाचवण्यासाठी ७२७ ला दिली गेली, मग १९६७ साली प्रथम उडालेल्या ७३७ ला, आणि आज एकविसाव्या शतकात बांधल्या जाणाऱ्या ७३७ मध्येही तिची हाडे तीच आहेत. पंख बदलले, एंजिने बदलली, घड्याळांच्या जागी पडदे आले. पण पन्नास सालच्या दशकातला वारा अजून त्याच चौकटीवर आदळतो, आणि ७३७ चा वैमानिक दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाशी तुलना करताना सर्वप्रथम हीच तक्रार मांडतो. उतारूला ती ऐकू येत नाही, म्हणून ती कोणाच्या जमाखर्चात बसली नाही. नाकाच्या आकाराचा महिमा कॉन्कॉर्डच्या वैमानिकांना दर उड्डाणात कळे. वर चढल्यावर नाक सरळ करून काचेवरचा संरक्षक पडदा उचलला, की इतका वेळ घोंघावणारा वारा एकदम थांबे.

यानंतरच्या विमानांनी तुलनेचा विषयच पातळ करून टाकला. ‘७४७’ मध्ये वैमानिक जमिनीपासून जवळजवळ तीन मजले उंच बसे, आणि त्या उंचीवरून विमान जमिनीवर चालवण्याचा सराव व्हावा म्हणून बोइंगने एका मालमोटारीवर खांबांवर उभारलेले नकली कॉकपिट फिरवले होते; हवेत मात्र ते अजस्र यंत्र लोण्यासारखे मऊ असल्याची ग्वाही सर्वांनी दिली. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर-इंडियाचे ‘एम्परर अशोक’ वांद्र्याच्या समुद्रात पडले ते हाताळणीच्या दोषाने पडले नाही. काळोखात क्षितिज दिसत नव्हते, एका बिघडलेल्या उपकरणाने खोटी साक्ष दिली, आणि हात व कान या दोन्ही जुन्या साक्षीदारांना त्या मऊ, शांत यंत्रात बोलण्यासारखे काही राहिले नव्हते. दोनशे तेरा माणसे गेली. १९८९ साली इंडियन एअरलाइन्सने आणलेल्या एअरबस ए-३२० मध्ये तर वैमानिकाचा हात संगणकाकडे केवळ विनंती करतो. बाजूच्या छोट्या दांडीवर हवेचा जोर लागत नाही, दोन वैमानिकांच्या दांड्या परस्परांबरोबर हलत नाहीत, आणि एंजिनाचा रेटा आपोआप कमीजास्त होत असताना त्याचा खटका जागचा ढळत नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरजवळ असे एक विमान एंजिने मंदावलेल्या स्थितीत धावपट्टीच्या अलीकडेच टेकले आणि ब्याण्णव जण मृत्यू पावले. जुन्या विमानात मागे सरकलेला खटका हाताला जी गोष्ट सांगे, ती येथे पडद्यावरील आकड्यांतून वाचावी लागत होती. पुढे प्रशिक्षण सुधारले आणि हे विमान सुरक्षित ठरले, हेही नमूद केले पाहिजे. पण कॉमेटच्या स्प्रिंगांपासून सुरू झालेला प्रवास येथे पुरा झाला, आणि एका एअरबसवरून दुसरीवर जाणाऱ्या वैमानिकाला ‘हाताला कशी लागते’ या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे फारसे उरले नाही.

गोंगाटावरचा इलाज अखेर निघाला तो विमानाच्या नाकाला हात न लावता, आणि कोणत्याही विमान कारखान्याच्या मसलतीवाचून. १९७८ साली युरोपातून बॉस्टनला परतणाऱ्या अमर बोस या प्राध्यापकांनी, ज्यांचे वडील कलकत्त्याचे क्रांतिकारक आणि ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेत गेलेले, विमान कंपनीने दिलेले हेडफोन कानाला लावले. गोंगाटात संगीत बुडते आहे असे दिसताच त्यांनी तेथेच कागदावर गणित मांडले, की आवाजाच्या नेमका उलटा आवाज कानाशी निर्माण केला तर दोन्ही परस्परांना खाऊन टाकतील. त्या गणिताला यंत्राचे रूप येण्यास वर्षे लागली. १९८६ साली न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या दोघा वैमानिकांनी ते वापरून पाहिले, आणि १९८९ पासून ते बाजारात वैमानिकांना मिळू लागले. शांत कॉकपिटाच्या विमानांत उंची गाठल्यावर वैमानिक ते काढून ठेवतात. ७३७ वर ते बहुधा उतरेपर्यंत कानावरच असते.